लंडनमधला मराठी हेर आणि ‘तू कोणाचो?’

आमच्या वालावलात, लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी नवखा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: “तू कोणाचो रे?” गुप्तहेराला ह्याच प्रश्नाचं खोटं उत्तर रोज जगावं लागतं. सिनेमात त्याच्याकडे पिस्तूल असतं, गाडी असते. खऱ्या आयुष्यात तो अगदी साध्या गोष्टीत सापडतो. आज अशाच एकाची गोष्ट.

लंडनचं हायगेट. १९०५ मध्ये श्यामजी कृष्ण वर्मांनी इथे ‘इंडिया हाऊस’ उघडलं. दिसायला विद्यार्थ्यांचं वसतिगृह. १९०६ मध्ये विनायक सावरकर बॅरिस्टर व्हायला आले, आणि पुढे इथूनच बॉम्बची कृती, पिस्तुलं हिंदुस्थानात जाऊ लागली. इंग्रजांच्या लेखी हे दहशतवादी, आपल्या लेखी क्रांतिकारक. नाव काहीही द्या, आत माणूस घुसवायची युक्ती मात्र तीच.

तो माणूस म्हणजे कीर्तिकर. आपलाच, मराठी बोलणारा. म्हणे दातांच्या डॉक्टरकीचं शिकतोय! व्ही. व्ही. एस. अय्यर यांना संशय आला. असं सांगतात की त्यांनी रुग्णालयात साधी चौकशी केली, तर हे महाशय तिथे क्वचितच फिरकायचे. झालं! मग त्याला कबूल करायला लावलं.

आता खरी गंमत ऐका. त्याला हाकलून दिलं नाही. तो राहिला, पोलिसांना रिपोर्टही पाठवत राहिला, पण ते बहुधा आधी सावरकरांच्या नजरेखालून जायचे. वर एम. पी. टी. आचार्य यांना खबऱ्या म्हणून स्कॉटलंड यार्डकडे पाठवलं, म्हणजे दोघांची माहिती जुळावी आणि साहेबाला शंका येऊ नये!

१ जुलै १९०९. मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये भर समारंभात कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. दीड महिन्यात, १७ ऑगस्टला, धिंग्रा फाशी गेले. घरात हेर असूनही सरकारला हे थांबवता आलं नाही.

म्हणून सांगतो, हेर पकडला जाणं हा अर्धाच धोका. पकडला गेलाय हे त्याला पाठवणाऱ्याला कळलंच नाही, तर तो पूर्ण धोका. कारण मग समोरचा जे सांगेल, तेच आपण खरं धरून बसतो.

तुम्हाला काय वाटतं, कीर्तिकर शेवटी कोणाचा होता? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!