मिनार ड्रोनला दिसत नाही



मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि हौसेने ड्रोन उडवतो. आज सांगतोय ते माझ्या हातून झालेल्या अपघाताबद्दल.

मावसभावाचा निकाह होता. गावातल्या जुन्या दर्ग्याजवळ मगरिबनंतर मी ड्रोन उडवला. स्क्रीनवर कंपासची सूचना आली, मी ती बोटाने बाजूला सारली. (आपण सगळे सारतोच.) मग व्हिडिओ अडकायला लागला आणि मी घाबरून ‘रिटर्न टू होम’ दाबलं. आपल्याला वाटतं, आता तो शहाण्यासारखा घरी येईल. प्रत्यक्षात तो आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि सरळ रेषेत परततो. मी उंची मोकळ्या मैदानासाठी लावली होती. मधला मिनार त्याहून उंच होता, आणि अडथळा ओळखणारे कॅमेरे अंधारात आंधळे.

तळहाताएवढा गिलावा निखळला. ड्रोन पडला तिथून चार पावलांवर मुलं चपला काढत होती. खादिमचाचा एवढंच म्हणाले, “बेटा, इसे कौन जोडेगा?”

जुन्या वास्तूंजवळच असं जास्त का होतं? उंच भिंत निम्मं आकाश झाकते, उपग्रह कमी दिसतात, शिवाय भिंतीवर आपटून आलेल्या सिग्नलमुळे जीपीएसचा अंदाज काही मीटरने चुकतो. दुरुस्तीच्या लोखंडी सळ्या, पराती कंपास बिघडवतात. घुमटाभोवती वारा गरगरतो तो वेगळाच.

जपानचा हिमेजी किल्ला पाच वर्षांहून जास्त चाललेल्या दुरुस्तीनंतर मार्च 2015 मध्ये पुन्हा खुला झाला. त्याच सप्टेंबरमध्ये मुख्य बुरुजावर ड्रोन आदळला, ओरखडे उमटले. 31 डिसेंबर 2016 ला सिएटलच्या स्पेस नीडलच्या छतावर ड्रोन कोसळला, तेव्हा तिथे माणसं आतषबाजीची तयारी करत होती.

आपल्याकडे 2021 चे ड्रोन नियम आहेत. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशात जागा हिरवी दिसली, म्हणजे पुरातत्त्व विभागाने चित्रीकरणाला होकार दिला असं नव्हे. ती परवानगी वेगळी.

दर्ग्याचा गिलावा मी भरून दिला. चुना मळणारा गवंडी शोधायलाच तीन आठवडे गेले, आणि रंग अजूनही जुळलेला नाही. परवा एका मित्राने लग्नाआधीच्या शूटसाठी बीबी का मकबऱ्यावर ड्रोन मागितला. तिथेही संगमरवराखेरीज बराचसा चुन्याचा गिलावाच आहे. मी त्याला माझा ट्रायपॉड दिला.