पोलिमियस आणि पुळुमावी : जुन्या ग्रंथांची पारख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



जैन संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ख्रिस्ती धर्माच्या प्राचीन ग्रंथांचा विषय पाहून काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या विषयाचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रातील कल्याण आणि पैठण या नगरांशी येऊन जुळतो, आणि त्याची उकल करताना जो विवेक लागतो तोच विवेक जिनवाणीच्या अभ्यासालाही लागतो. म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

कोणता ग्रंथ प्रमाण मानावा, हा प्रश्न प्रत्येक प्राचीन धर्मपरंपरेपुढे उभा राहिला आहे. वीरनिर्वाणानंतर ९८० व्या, मतांतराने ९९३ व्या वर्षी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले, असे श्वेतांबर परंपरा सांगते. दिगंबर परंपरा मूळ अंगग्रंथ लुप्त झाले असे मानते आणि षट्खंडागम व कषायप्राभृत यांना आदिस्थान देते. ख्रिस्ती धर्मातही असेच घडले. आज त्यांच्या ‘नव्या करारा’त २७ पुस्तके आहेत. नेमक्या याच २७ पुस्तकांची यादी इ.स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचे धर्मगुरू अथनेशियस यांच्या पत्रात आढळते. त्यापूर्वी व नंतरही येशू आणि त्यांच्या शिष्यांच्या नावाने अनेक शुभवर्तमाने, चरित्रे, पत्रे व संवाद लिहिले गेले. मान्य यादीबाहेर राहिलेल्या या वाङ्मयाला ‘अपोक्रिफा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘गुप्त’ किंवा ‘लपविलेले’ असा आहे.

दीर्घकाळ या ग्रंथांकडे दोनच दृष्टींनी पाहिले गेले. कोणी त्यांना पाखंड म्हणून दूर सारले, तर कोणी दडवून ठेवलेले सत्य म्हणून डोक्यावर घेतले. एकोणिसाव्या शतकात तिसरी दृष्टी आली. रिचर्ड लिप्सियस आणि मॅक्सिमिलियन बॉने या विद्वानांनी शिष्यांच्या चरित्रकथांची ग्रीक व लॅटिन हस्तलिखिते ताडून १८९१ ते १९०३ या काळात त्यांची संशोधित आवृत्ती काढली. १९२४ मध्ये एम. आर. जेम्स यांनी या वाङ्मयाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे जमिनीत पुरलेली तेरा पुस्तके एका रांजणात सापडली आणि या अभ्यासाला नवे वळण लागले. या विद्वानांचे प्रश्न साधे होते. ग्रंथ कोणत्या भाषेत लिहिला गेला? त्याचा सर्वात जुना उल्लेख कोठे आहे? लेखकाला कोणता प्रदेश खरोखर ठाऊक होता? त्यातील नावांना नाणी व शिलालेख दुजोरा देतात काय?

याच वाङ्मयात बार्थोलोम्यू या शिष्याची कथा आहे. येशूंच्या बारा शिष्यांपैकी हा एक. चौथ्या शतकाच्या प्रारंभी लिहिणारा इतिहासकार युसेबियस सांगतो की, अलेक्झांड्रियाचा पंतेनस नावाचा आचार्य भारतात गेला असे म्हणतात. तेथील काही लोकांजवळ बार्थोलोम्यूने ठेवलेले, हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान त्याला आढळले. पंतेनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. पुढे बार्थोलोम्यूच्या हौतात्म्याची एक सविस्तर कथा लॅटिन व ग्रीक भाषांत प्रचलित झाली. तिच्यानुसार तो भारतात येऊन अस्तारुथ नावाच्या देवतेच्या मंदिरात उतरतो, तेव्हा ती मूर्ती मूक होते. त्या देशाचा राजा पोलिमियस याच्या व्याधिग्रस्त कन्येला तो बरे करतो. राजा धर्मांतर करतो. मात्र राजाचा भाऊ अस्त्रेगेस बार्थोलोम्यूचा वध करवितो. शेवटी पोलिमियस राजा धर्मगुरू होतो.

हा भारत कोणता? विसाव्या शतकात फादर ए. सी. पेरुमलिल आणि मुंबईचे इतिहासकार जॉर्ज मोराइस यांनी बार्थोलोम्यूचे कार्यक्षेत्र कोकणातील कल्याण परिसरात असावे, असे मत मांडले. मोराइस यांचा भारतातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. याच मताच्या आधारे पोलिमियस म्हणजे सातवाहन राजा पुळुमावी, असे समीकरण मांडले गेले.

हे समीकरण हसून सोडून देण्यासारखे नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. सहाव्या शतकातील कॉस्मास या प्रवासी लेखकाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष असल्याचे लिहिले आहे. शिवाय इ.स. १५० च्या सुमारास टॉलेमीने ‘बैठन’ म्हणजे पैठण ही ‘सिरो पोलेमायोस’ राजाची राजधानी म्हणून नोंदली, आणि हा पोलेमायोस म्हणजे पुळुमावीच. म्हणजे पुळुमावीचे नाव ग्रीक कानांना पोलिमियससारखे ऐकू येत होते, हे सिद्ध आहे. बंदर होते, व्यापार होता, नावही जुळते. मग अडचण कोठे आहे?

पहिली अडचण काळाची. बार्थोलोम्यू येशूंचा समकालीन, म्हणजे पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातील. टॉलेमीचा पुळुमावी, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावी, दुसऱ्या शतकातील. दुसरी अडचण ग्रंथाची. ही कथा बार्थोलोम्यूनंतर काही शतकांनी लिहिली गेली, आणि प्रारंभीच ती तीन भारत सांगते : एक इथियोपियाकडे, दुसरा मीड लोकांच्या देशाकडे आणि तिसरा पृथ्वीच्या टोकाशी. त्या काळी पश्चिमेकडील लेखक अरबस्तान व इथियोपिया यांनाही सहज ‘भारत’ म्हणत. तिसरी अडचण नावांची. अस्तारुथ आणि कथेतील दुसरी देवता बेरिथ ही नावे पश्चिम आशियातील आहेत, हिब्रू धर्मग्रंथांतून ओळखीची आहेत. लेखकाला पैठणच्या एकाही देवतेचे नाव ठाऊक नाही. पोलेमोन नावाचे राजे पहिल्या शतकात काळ्या समुद्राच्या काठी पोंटस येथे राज्य करीत होते, याकडेही विद्वानांनी लक्ष वेधले आहे. चौथी अडचण शिलालेखांची. नाशिकच्या लेण्यातील पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाच्या लेखात त्याची आजी गौतमी बलश्री भिक्षुसंघाला लेणे अर्पण करते. राजाने राज्य सोडून परका धर्म स्वीकारल्याची पुसट खूणही सातवाहनांच्या कोणत्या लेखात नाही.

येथे नागपूरकरांना एका नावाचे स्मरण व्हावे. सातवाहनांच्या इतिहासाची घडी बसविण्यात नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा वाटा मोठा आहे. १९३९ मध्ये आजच्या वाशिम जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे सातवाहन नाण्यांचा सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा मिळाला. मिराशींनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. पुळुमावीची नाणी त्यात होतीच, शिवाय कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावेही निघाली. म्हणजे पुराणे सर्वस्वी खोटी ठरली नाहीत, पण अपुरी ठरली. ग्रंथ आणि नाणे शेजारी ठेवले की दोहोंचे मोल कळते.

कसोटी नेहमी ग्रंथाच्या विरुद्धच जाते, असे मात्र नाही. थोमा या दुसऱ्या शिष्याची कथा तिसऱ्या शतकात सीरियाच्या परिसरात रचली गेली. तीत हब्बान नावाचा व्यापारी थोमाला सुतार म्हणून रीतसर विक्रीपत्र करून विकत घेतो आणि भारतातील गुदनफर राजाकडे आणतो. या राजाचे अस्तित्वच संशयास्पद मानले जात होते. पण १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसन व इतरांच्या नाणेसंग्रहांतून गोंडोफेरस हे नाव पुढे आले. पुढे तख्त-ए-बाही येथील शिलालेखात त्याच्या राज्याचे २६ वे वर्ष आणि संवत १०३ अशी नोंद मिळाली. हा संवत दिवाळीच्या वहीपूजनात लिहिला जाणारा विक्रम संवत मानला, तर तो काळ इ.स. ४६ च्या आसपास येतो. राजा खरा ठरला, काळही जुळला. तरीही थोमाने राजासाठी स्वर्गात महाल बांधला, ही कथा त्यामुळे इतिहास होत नाही. ठाणावरचा शिक्का खरा निघाला म्हणून आतील प्रत्येक वार सारखाच निघेल, असे जाणता व्यापारी मानीत नाही. तो ठाण उलगडून पाहतो.

आता मूळ प्रश्न. परक्यांचे ग्रंथ ज्या गजाने मोजले, तोच गज आपल्या ग्रंथांना लावण्याची तयारी आहे काय? पैठणच्या त्याच सातवाहन घराण्याशी जोडलेली एक कथा जैन परंपरेतही आहे. कालकाचार्य पैठणला चातुर्मासासाठी आले असता भाद्रपद शुद्ध पंचमीला इंद्रमहोत्सव होता. म्हणून राजा सातवाहनाच्या विनंतीवरून त्यांनी पर्युषणाचे पर्व चतुर्थीला आणले, असे ती सांगते. श्वेतांबर समाजात ही कथा आदराने सांगितली जाते. पण तो सातवाहन राजा कोणता? सातवाहन हे घराण्याचे नाव आहे. कालक नावाचे आचार्य एक की अनेक, यावरही विद्वानांत चर्चा झाली आहे. १९३३ मध्ये नॉर्मन ब्राउन यांनी या कथेच्या अनेक पाठांची सचित्र हस्तलिखितांसह छाननी केली. नाव जुळले म्हणून पुळुमावीला पर्युषणाच्या कथेत बसविणे, हे त्याला बार्थोलोम्यूच्या कथेत बसविण्याइतकेच घाईचे ठरेल. मात्र आचार्यांच्या संमतीने पर्वतिथी बदलू शकते आणि समाज ती स्वीकारतो, ही त्या कथेतील परंपरेची साक्ष मोलाचीच राहते.

या बाबतीत विदर्भाने घालून दिलेला आदर्श दूर शोधण्याची गरज नाही. षट्खंडागम आणि इ.स. ८१६ च्या सुमारास पूर्ण झालेली वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर होती. दर्शन होत असे, वाचन होत नसे. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये तिचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. ते अध्यापनासाठी नागपुरातही होते. पहिल्या खंडाच्या वेळी हाती नकलाच होत्या. ९३ व्या सूत्रात मनुष्यिणींच्या गुणस्थानांचा विचार आहे. तेथे ‘संजद’ हा शब्द नकलेत नव्हता, पण टीकेचा अर्थ त्याशिवाय लागत नव्हता. संपादकांनी तो शब्द मूळ सूत्रात घुसडला नाही. येथे हा शब्द सुटला असावा, अशी तळटीप मात्र निर्भयपणे दिली. त्यावरून दिगंबर समाजात मोठा वाद झाला, कारण स्त्रीमुक्तीच्या प्रश्नाशी त्या शब्दाचा संबंध होता. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिला, तेव्हा तो शब्द तेथे आढळला. त्याचा अर्थ भाववेदाच्या अपेक्षेने घ्यावा, असे परंपरेतील पंडितांनी प्रतिपादन केले. अर्थाविषयी मतभेद राहिले, ते राहोत. पाठ मात्र ताडपत्राने ठरविला, गैरसोयीने नव्हे.

एका सोयीच्या नावाच्या मोहाने पोलिमियसचा पुळुमावी झाला, तर एका गैरसोयीच्या शब्दासाठी एका संपादकाने समाजाचा रोष पत्करला. श्रद्धेला अधिक बळ कशाने मिळाले, याचा प्रत्येकाने विचार करावा. सत्यव्रत केवळ बोलण्यापुरते नाही, लेखनालाही ते लागू आहे. कमी-अधिक माप वापरणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार म्हणून शास्त्रात सांगितला आहे. घेण्याचा गज एक आणि देण्याचा दुसरा, हे दुकानात चालत नसेल तर इतिहासातही चालू नये.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने याचा उपयोग अगदी जवळचा आहे. अनेक मंदिरांच्या व संस्थांच्या स्मरणिकांत मूर्ती ‘हजारो वर्षांची’, मंदिर ‘अतिप्राचीन’ असे लिहिले जाते आणि मूर्तीच्या पादपीठावर कोरलेला संवत कोणी वाचलेला नसतो. पुढची पिढी स्मरणिकेतील ते वाक्य पुरावा म्हणून उद्धृत करते. पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका काढणारे कार्यकर्ते आज छापलेल्या पानांवरच विसंबतील. म्हणून प्रतिमालेख वाचून त्यांची नोंद करावी, जुन्या वह्या व ठरावांची पुस्तके जपावीत. घरोघरी बासनात बांधलेल्या हस्तलिखितांची यादी करावी. जे ऐकीव आहे ते ‘ऐकीव’ असेच लिहावे. एवढे काम कोणत्याही गावाला, कोणत्याही पंथाला करता येण्यासारखे आहे.

बार्थोलोम्यू कल्याणला आला की नाही, हे आजच्या पुराव्यावरून ठरत नाही. त्याची कथा पैठणच्या राजाची नव्हे, एवढे मात्र पुराव्यावरून म्हणता येते. एवढे म्हणायला आणि तेथेच थांबायला शिकविणे, हेच या साऱ्या विद्वत्तेचे दान आहे.

जय जिनेंद्र.