लोहाराचा कोळसा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून शहरांतल्या कित्येक घरांत हंसूं उमटेल. लोहाराचा कोळसा कसा ठेवावा, यांत सांगण्यासारखें तें काय आहे? कोळसा मुळांतच काळा; त्याला आणखी मळ तो कसला लागणार? मीही पूर्वीं असेंच समजत होतों. ही समजूत कशी गेली, तें प्रथम सांगतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं कयाधू नदीकांठच्या एका खेड्यांत मी शिक्षक होतों. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. मृगाच्या तोंडावर शाळेसमोरच्या माळावर घिसाड्यांचें एक बिऱ्हाड उतरलें. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. भटक्या जमातींत त्यांची गणना होते. दोन गाड्या, बैल, चार शेळ्या, गाडीखालीं बांधलेल्या कोंबड्या आणि जमिनींत खळगा करून मांडलेली भट्टी, एवढा त्यांचा संसार. पुरुष सांडशींत लोखंड धरी आणि त्याची बायको घण घाली.

माझ्या शेजारच्या शेतकऱ्याच्या वखराची पास तुटली होती. ती सांधावयास दिली. सांधा दोनदां लावला आणि दोनदां उखडला. पेरणी डोक्यावर आलेली, शेतकरी संतापला. मीही त्या कारागिराला चार शब्द सुनावले. तो मान खालीं घालून गप्प राहिला. त्याच्या बायकोनें मात्र भट्टींतून कांचेसारखा एक चिकट गोळा ओढून माझ्यापुढें टाकला व म्हणाली, "गुरुजी, हात चुकला न्हाई. रातीं शेळ्या कोळशावर बसल्या, त्येचा ह्यो खंगर."

त्या एका वाक्यांत बरेंच शास्त्र होतें. तापलेल्या लोखंडाचे दोन तुकडे एकजीव व्हावयाचे, तर त्यांचीं तोंडें स्वच्छ असावीं लागतात. म्हणूनच लोहार सांध्यावर वाळू किंवा टाकणखार टाकतो. त्यानें वरचा मळ वितळून निघून जातो. परंतु कोळशांतच लेंडी, शेण, माती मिसळली असेल, तर तिची राख वितळून खंगर होतो. तो भात्याच्या वाऱ्याची वाट अडवितो आणि लोखंडाला चिकटतो. आंच कमी पडते व सांधा पोकळ राहतो.

कोळसा दोन जातींचा. लांकडापासून पाडलेला तो लोणारी कोळसा आणि खाणींतून निघणारा तो दगडी कोळसा. याच्या खाणी आपल्याकडे चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजूस आहेत. लोणारी कोळसा सच्छिद्र, म्हणून पाणी असो वा जनावराचें मूत असो, तो शोषून घेतो. असा ओला कोळसा भट्टींत तडतडतो व ठिणग्या उडवितो. जवळ कडब्याची गंजी असेल तर पुढें काय होईल, हें सांगावयास नको. दगडी कोळशांत गंधक असतें. तें लोखंडांत शिरलें, तर लाल तापलेलें लोखंड घणाखालीं फुटतें. शिवाय त्याचा भुगा मोठ्या ढिगांत सांठला, तर ढीग आंतून तापून आपोआप पेट घेऊं शकतो.

ही झाली जनावरांमुळें होणारी कोळशाची हानि. आतां उलट बाजू पाहा. भट्टीभोंवतीं खिळ्यांचे तुकडे, नालांचे कपचे, तारा पडलेल्या असतात. कोंबड्या ढीग उकरतात आणि हा चुरा चाऱ्यांत जातो. गाय-बैल चारा निवडून चावीत नाहींत, ओढून गिळतात; रवंथ मागाहून. गिळलेला खिळा जाळीदार पोटांत अडकतो, आणि त्या पोटाच्या व काळजाच्या मध्यें एका पातळ पडद्याचेंच काय तें अंतर असतें. जनावर चारा टाकतें, कण्हतें, पुढचीं कोपरें फांकवून उभें राहतें, आणि पुष्कळदां हातचें जातें. त्याच शेतकऱ्याची गाय त्या वर्षीं अशीच गेली. पोटांत गंजलेला खिळा निघाला. तो कोठून आला, हें कोणासच ठाऊक नव्हतें. तरी गांवानें बोट दाखविलें तें घिसाड्यांकडे. दुसऱ्या दिवशीं माळ मोकळा दिसला. मीं सुनावलेल्या चार शब्दांची मला आजही लाज वाटते.

उपाय साधे आहेत. कोळसा जमिनीवर न ओततां फळीवर किंवा दगडांवर ठेवलेल्या झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरावा. दगडी व लोणारी कोळसा वेगवेगळा असावा. नवा पाडलेला कोळसा आंतून विझल्याची खात्री झाल्यावांचून डब्यांत घालूं नये. वापरण्यापूर्वीं चाळणीनें चाळून माती व भुगा काढावा. गोठा, कडबा आणि भट्टी यांत अंतर राखावें, आणि सायंकाळीं भट्टीभोंवतीं एक लोहचुंबक फिरवावा. दिवसभराचे खिळे त्याला आपोआप चिकटून येतात.

१७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंत लोहारकामाचा समावेश आहे आणि अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साह्याची तरतूद आहे. ही गोष्ट चांगली झाली. परंतु ज्याला रात्रीं गाडीखालींच झोपावयाचें आणि शेळ्याही तेथेंच बांधावयाच्या, त्यानें कोळसा निराळा ठेवावा कोठें? त्याची अडचण जागेची आहे, आळसाची नव्हे.

तेव्हां शहराच्या कडेला असें बिऱ्हाड उतरलेलें दिसलें, तर विळी-कोयता पाजवून घेतांना घासाघीस थोडी कमी करा. आणि माळ्यावर झांकणाचा एखादा रिकामा पत्र्याचा डबा पडला असेल, तर तो त्या घरच्या बाईच्या हातीं द्या. कशासाठीं, हें तिला समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं. मलाच तें तिच्यासारख्या एका बाईनें शिकविलें.