आवडत्या पुस्तकाची देवघेव



परभाषा शिकण्याचे मार्ग अनेक आहेत. व्याकरण घोकून ती शिकतां येते, कोश चाळून शिकतां येते, आणि बाजारांत घासाघीस करूनहि शिकतां येते. आज मी ज्या मार्गाविषयीं बोलणार आहें, तो यांहून थोडा निराळा व अधिक सुखाचा आहे. दोन भिन्नभाषी माणसांनीं आठवड्यांतून एकदां ठरल्या वेळीं एकत्र बसावें आणि आपापल्या आवडत्या पुस्तकाविषयीं बोलावें. अट एवढीच, कीं प्रत्येकानें आपलें पुस्तक दुसऱ्याच्या भाषेंत समजावून सांगावें. येथें फी नाहीं, परीक्षा नाहीं. दोघेहि गुरु आणि दोघेहि शिष्य.

कोणी विचारील, विषय पुस्तकच कां? हवापाणी, बाजारभाव, प्रवास हे विषय चालणार नाहींत काय? चालतील, पण चार बैठकींत ते संपतात. त्यांसाठीं लागणारे शब्द पाठ झाले, कीं जीभ तेवढ्यांतच घोळूं लागते. आवडतें पुस्तक मात्र माणसाला स्वस्थ बसूं देत नाहीं. तें दुसऱ्याला कळावें अशी तळमळ असते, आणि त्या तळमळीपोटीं तो न येणारा शब्दहि शोधूं लागतो.

याचें एक जुनें उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलेलें आहे. १८७८ सालची ही गोष्ट. रवींद्रनाथ ठाकूर तेव्हां सतरा वर्षांचे होते. विलायतेस जाण्यापूर्वीं इंग्रजी बोलण्याची संवय व्हावी म्हणून त्यांचे वडील बंधु सत्येंद्रनाथ यांनीं त्यांस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खड यांच्या घरीं ठेविलें. डॉ. आत्माराम हे प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष, आणि ज्यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें त्या दादोबा पांडुरंगांचे बंधु. डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा ही विलायत पाहून आलेली, सुशिक्षित तरुणी होती. तिनें शिकवावें आणि रवींद्रनाथांनीं शिकावें असा बेत होता. परंतु शिष्याजवळ विद्वत्तेचें भांडवल फारसें नव्हतें. जी काय मिरविण्याजोगी वस्तु होती ती म्हणजे स्वतःची कविता. १९४० सालीं लिहिलेल्या बाळपणीच्या आठवणींत त्यांनीं हें मोठ्या मिस्किलपणें सांगितलें आहे. मग त्यांनीं ‘कविकाहिनी’ हें आपलें काव्य मूळ बंगालींत वाचून इंग्रजींत समजावून सांगण्याचा क्रम धरिला. पुढें तें काव्य पुस्तकरूपानें निघालें आणि ज्योतिरिंद्रनाथांनीं त्याची प्रत अन्नपूर्णाबाईंस धाडली. तेव्हां त्यांनीं उत्तरीं कळविलें, कीं हें काव्य मला इतक्या वेळां वाचून व उलगडून दाखविण्यांत आलें आहे, कीं तें जवळजवळ मुखोद्गत झालें आहे. एका मराठी मुलीच्या ओठीं बंगाली काव्य बसलें, तें काव्य सांगणाऱ्याच्या अडखळत्या, पण उत्कट इंग्रजीमुळें!

मला वाटतें, या अडखळण्यांतच या परिपाठाचें मर्म आहे. स्वभाषेंत पुस्तकाविषयीं बोलतांना आपण बहुधा दुसऱ्यांचीं मतें बोलत असतों. ‘भाषा ओघवती आहे’, ‘स्वभावचित्रण ठसठशीत आहे’ हीं वाक्यें तयार असतात. त्यांसाठीं पुस्तक आवडावेंच लागतें असें नाहीं, वाचावें लागतें असेंहि नाहीं! परभाषेंत हा तयार माल आपणांजवळ नसतो. दोनशें शब्दांचें तुटपुंजें धन घेऊन आपण उभे असतों, आणि त्यांत एवढेंच सांगतां येतें, कीं पुस्तकांत काय घडलें आणि तें वाचतांना मला काय झालें. शब्दांची गरिबी माणसाला प्रामाणिक बनविते.

आतां आपल्या काळाकडे येतों. मुंबईंतील माटुंगा हा भाग तमिळ कुटुंबांच्या वस्तीबद्दल प्रसिद्ध आहे. तेथें एकाच जिन्यावर मराठी व तमिळ बिऱ्हाडें वर्षानुवर्षें नांदतात. नळाचें पाणी, लिफ्टची दुरुस्ती, दिवाळीचा फराळ यांपलीकडे त्यांचें बोलणें क्वचितच जातें. शेजाऱ्याकडे दूध किती येतें हें आपणांस ठाऊक असतें. कोणत्या कथेनें त्याचें बाळपण भारलें होतें, हें ठाऊक नसतें. शेजार आहे पण सोबत नाहीं, हें शहरांतलें मोठेंच दारिद्र्य होय.

माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे एक वयोवृद्ध तमिळ गृहस्थ आणि मी गेलें वर्षभर दर शनिवारीं सायंकाळीं असे बसत आहों. त्यांनीं प्रथम आणलेला ग्रंथ म्हणजे कल्की कृष्णमूर्तींची ‘पोन्नियिन् सेल्वन्’ ही कादंबरी. चोळ राजवटीवरील ही प्रचंड कथा १९५० ते १९५४ या काळांत ‘कल्की’ साप्ताहिकांत क्रमशः येत होती, आणि अनेक तमिळ घरांतून तिचीं पानें कापून, शिवून, बांधून ठेवण्यांत येत. त्यांच्या हातीं होती ती तशीच घरीं बांधलेली प्रत. कांहीं पानांच्या पाठीवर जुन्या जाहिराती अजून होत्या.

कथेच्या आरंभीं एक तरुण घोडेस्वार विशाल तलावाच्या बांधावरून जात आहे. नद्यांना नवें पाणी आल्याचा सण आहे, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें काठावर आनंदानें जेवीत आहेत. हें सारें मराठींत सांगावयाचें! ते म्हणाले, “तलाव मोठा. समुद्र आहे असा. नवा पाणी येतो. सगळे लोक भात खातो. घोडावाला बघतो.” ऐतिहासिक कादंबरीच्या गुणदोषांचें एक अक्षर नाहीं, पण तो तलाव मला दिसला. मग ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आई वाचते. आम्ही ऐकतो.”

त्यांच्या मातोश्री जाऊन फार वर्षें झालीं. परंतु तोंवर त्यांस मराठीचा वर्तमानकाळच येत होता. भूतकाळाचा धडा पुढें होता. मीं तें वाक्य सुधारलें नाहीं. त्या सायंकाळीं तरी तें शुद्धच होतें.

माझी पाळी आली तेव्हां मीं साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली ‘श्यामची आई’ निवडली. तमिळ भाषेंतहि आपल्यासारखेच ‘आमचें’ आणि ‘आपलें’ असे दोन निराळे शब्द आहेत. ऐकणाऱ्यास वगळणारा तो ‘एंगळ्’, आणि त्यास सामावून घेणारा तो ‘नम्म’. हिंदी-इंग्रजींत ही सोय नाहीं. हें ‘एंगळ्’ पुस्तक, असें सांगून मीं आरंभ केला. पोहावयास भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीकडे पाठविते, हा भाग आला, आणि माझे स्नेही एकदम ताठ बसले. “मारते? मग चांगली आई कशी?” त्यावर आमचा वाद दोन शनिवार चालला. आपल्याकडे या आईची थोरवी इतकी गृहीत धरलेली असते, कीं हा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. उत्तरासाठीं मला तें प्रकरण पुनः पुनः वाचावें लागलें, आणि त्या माराखालीं दडलेली आईची काळजी प्रथमच इतकी स्पष्ट दिसली. मुलाला दुखवावें कीं भित्रा राहूं द्यावा, हा तिचा पेंच मीं त्यांस मोडक्या तमिळांत सांगितला. ते कांहीं बोलले नाहींत. महिन्याभरानें ते आपल्या नातीला ती गोष्ट सांगत होते, तेव्हां त्यांच्या तोंडून ‘नम्म’ शब्द आला. आपली श्यामची आई!

भाषांतरांचें महत्त्व यानें कमी होत नाहीं. का. श्री. श्री. यांच्या भाषांतरांनीं वि. स. खांडेकर तमिळ घराघरांत पोंचले, ही केवढी कामगिरी! पण भाषांतरित पुस्तक आपण एकटे वाचतों. आपली शंका ऐकावयास व तिला उत्तर द्यावयास समोर कोणी नसतें.

ज्यांस हा परिपाठ करून पाहावयाचा असेल त्यांस चार गोष्टी सुचवितों. पुस्तक थोर आहे म्हणून निवडूं नका. आवडतें म्हणून निवडा, मग तें मुलांचें असलें तरी चालेल. एका बैठकीस एकच प्रसंग घ्या, आणि त्यांतील अर्धें पान मूळ भाषेंत मोठ्यानें वाचून दाखवा; अर्थ कळण्यापूर्वीं नाद कानांत बसूं द्या. बोलणाऱ्यास मध्यें अडवूं नका. चुका टिपून ठेवा आणि शेवटीं त्यांतल्या चार-पांचच सांगा. आणि मतभेद झाला तर विषय बदलूं नका. खरी भाषा तेथेंच सुरू होते, कारण तेथें पाठ केलेलीं वाक्यें उपयोगीं पडत नाहींत.

आपल्या जिन्यावर, कचेरींत, रोजच्या गाडींत असा कोणी भिन्नभाषी मनुष्य खचित असेल. त्याला त्याच्या आवडत्या पुस्तकाचें नांव विचारा, आणि तें सांगतांना तो अडखळला तर घाई करूं नका.