मुलाखतीत ‘तुम्ही कुठल्या?’ असं विचारलं तर

 

मला सीमाप्रश्नावर बोलायला सांगितलं होतं. पण गेल्या 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी संपवून आम्ही खानापूरच्या बसमध्ये बसलो, तेव्हा घोषणा देऊन घसा बसलेली पोरं कशावर बोलत होती? एकाला पुण्याहून फोन आला होता, एकीचा अर्ज परत आला होता, एकजण विचारत होता, ‘बायोडाट्यात पत्ता बेळगावचा घालू काय कोल्हापूरच्या आत्याचा?’ म्हणून आज नोकरीच्या अर्जावर आणि मुलाखतीवरच बोलते. आयोजकांनी रागावू नये.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. गेल्या उन्हाळ्यात पुण्यात एका प्रशिक्षण संस्थेत ऑफिसच्या कामासाठी मुलाखत होती. येणाऱ्यांची नोंद, फोन, पत्रव्यवहार असं काम. पहाटे उतरले, स्टँडवरच तोंड धुतलं, वेळेआधी पोचले. समोर एक मॅडम आणि एक सर. मॅडमनी कागद बघितला आणि हसून विचारलं, ‘तुम्ही कुठल्या? पत्ता कर्नाटकातला, मग मराठी इतकं चांगलं कसं?’

झालं. राज्यशास्त्राची विद्यार्थिनी मी! 1956 ची राज्य पुनर्रचना, फजल अली आयोग, 1967 चा महाजन अहवाल, 2004 साली महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात घातलेला दावा, सगळं सांगितलं. मध्ये सरांनी घड्याळ बघितलं, तेही मला दिसलं, तरी मी महाजन अहवालातल्या त्रुटींवर आलेच. शेवटी मॅडम म्हणाल्या, ‘छान माहिती आहे तुम्हाला. कळवतो आम्ही.’ कामाबद्दल एकही प्रश्न विचारायला त्यांना वेळच उरला नव्हता. अजून कळवताहेत.

घरी येऊन पंधरा दिवस मी चिडलेली. म्हटलं, यांना आपल्याच माणसांचा इतिहास माहीत नाही. माझा मामा उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर आहे, पोरं कामावर घेताना तोच बोलतो त्यांच्याशी. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तिनं तुला इतिहास विचारला होता काय गं? तिला बघायचं होतं, फोनवर लोकांशी तू कशी बोलशील.’

मला लागलं ते. पण खरं होतं. मॅडमच्या प्रश्नात अज्ञान होतं, अपमान नव्हता. आणि समजा अपमान असता, तरी त्या वीस मिनिटांत सीमाप्रश्न सुटणार नव्हता.

आता माझं उत्तर तयार आहे. ‘मी खानापूर तालुक्यातली. घर आणि शाळा मराठी, बाजार आणि कचेरी कन्नड, म्हणून दोन्हीकडच्या लोकांशी मला बोलता येतं.’ एवढं बोलून थांबायचं. थांबणं अवघड जातं, म्हणून घरी आरशापुढं दहावेळा म्हणा. पुढं त्यांनी स्वतःहून विचारलं तर सांगा की. लाजायचं काही कारण नाही. आणि आत्याचा पत्ता घालू नका, कागद तपासताना उघडं पडतं आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

दुसरी फजिती बेळगावातलीच. एका कारखान्यात ऑर्डर घ्यायच्या टेबलावर जागा होती. बायोडाट्यात मी लिहिलं होतं, ‘कन्नड: उत्तम’. तिथल्या सरांनी टेबलावरचं हेस्कॉमचं एक पत्र माझ्यापुढं सरकवलं, ‘वाचा बघू.’ शाळेत कन्नड तिसरी भाषा म्हणून होती, पास होण्यापुरती. मी अक्षर अक्षर जुळवत पहिल्या ओळीतच अडकले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ‘बोलायला येतं ना तुम्हाला? मग तसंच लिहा.’ तेव्हापासून माझ्या बायोडाट्यात बोलणं, वाचणं, लिहिणं यांचे तीन वेगळे रकाने आहेत. कन्नडच्या पुढं लिहिलंय: बोलते सहज, वाचते हळू, लिहायला शिकते आहे. त्यानंतरच्या प्रत्येक मुलाखतीत या ओळीवर प्रश्न आला आणि प्रत्येक वेळी बोलणं तिथून चांगलं पुढं गेलं.

आता इथल्या काहीजणांना पटणार नाही असं बोलते. माझा चुलतभाऊ अस्खलित कन्नड बोलतो, पण अर्जात ते लिहीत नाही. म्हणतो, ‘लिहिलं तर हरलो.’ मला तसं वाटत नाही. माझी मागणी सरकारकडं आहे: मला कागद माझ्या भाषेत द्या. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, सरकारी भरतीच्या वेळी राज्यभाषेची अट घालायची नाही, चाचणी परिवीक्षा काळ संपण्याआधी घ्यायची, हे केंद्रानं आणि राज्यांनी मिळून ठरवलेलं आहे. ते मागायचंच, मोर्चा काढून मागायचं. पण खासगी मालकाला हुबळीच्या गिऱ्हाइकाशी बोलणारं माणूस पाहिजे असेल आणि मला ते येत असेल, तर मी ते का लपवू?

2024 च्या जुलैमध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारं विधेयक मंजूर केलं होतं, व्यवस्थापनात 50 टक्के, इतर कामांत 70 टक्के. त्यात ‘स्थानिक’ ठरायला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणं हीही अट होती. म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथंच राहिलेली माझी आजी स्थानिक नाही! ओरड झाली आणि विधेयक थांबवलं गेलं. असं काही पुन्हा आलं तर मी रस्त्यावर असेन. पण तो राग त्या कारखान्यातल्या सरांच्या टेबलावर काढून काय उपयोग?

कागदांचं पटकन सांगते. 2014 मध्ये शहराचं नाव बदललं, त्यामुळं जुन्या दाखल्यांवर एक स्पेलिंग आणि नव्यावर दुसरं. कन्नडवरून इंग्रजीत आलेली आपली आडनावंही आधारवर वेगळीच दिसतात. मुलाखतीच्या आदल्या रात्री नाही, आत्ताच जुळवून घ्या. आणि महाराष्ट्र सरकारच्या भरतीत आपल्याला अर्ज करता येतो, हे अजून किती जणांना माहीत नाही! दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांसाठी 10 जुलै 2008 चा शासन निर्णय आहे. 15 वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो, सक्षम अधिकाऱ्याचा. जाहिरात आल्यावर पळापळ करून तो वेळेत मिळत नाही.

आपल्या बोलीबद्दल एकजण विचारत होता, पुण्याची मराठी शिकू काय म्हणून. शिकू नकोस बाबा. ‘काय करालास’ मित्राला म्हण, मुलाखतीत पुस्तकातली मराठी सावकाश बोल, ती तुला शाळेतच आली आहे. वाक्याच्या शेवटी एखादा ‘की’ आलाच तर येऊ दे.

आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसबद्दल. मामा म्हणाला, काळ्या दिनाचे फोटो काढून टाक, मालक लोक बघतात. मी फोटो ठेवलेत. एक पोस्ट मात्र काढली, तिच्यात कन्नड माणसांना शिवी होती. ती नोकरीसाठी काढली नाही, वाचून माझी मलाच लाज वाटली.

बोलणं पुरे. तिकडं टेबल लावलंय, मामालाच बोलावून आणलंय, मॅडमच्या जागी तो बसणार आणि पहिला प्रश्न कुठला विचारणार ते तुम्हाला आता माहीत आहे. पहिल्यांदा कोण बसतंय?