पोगरवाडीचा पोरगा आणि साताऱ्याची शाळा



सातारा जिल्ह्याला फौज नवी नाही. इथल्या अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ कायमचे चिकटले आहे. रजेवर आलेल्या चुलत्याने पत्र्याची काळी ट्रंक उघडली, की अर्धी आळी भोवती जमते आणि बुटांना पॉलिश करायला पोरांची चढाओढ लागते. मात्र शेतकऱ्याच्या मुलाचे हे स्वप्न बहुधा शिपाई म्हणून भरती होण्यापाशीच थांबे. अधिकारी व्हायचे, तर वाट कोण दाखवणार?

ती वाट २३ जून १९६१ रोजी इथेच, साताऱ्यात उघडली. देशातली पहिली सैनिक शाळा! सहावीतले पोर घर सोडून वसतिगृहात येते, पहाटेच्या पीटीला पळते आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, परीक्षेची तयारी करते.

जवळच्या पोगरवाडीचे संतोष महाडिक याच शाळेतले. पुढे ते लष्कराच्या २१ पॅरा या तुकडीत गेले. ईशान्येतल्या ‘ऑपरेशन ऱ्हायनो’तील कामगिरीसाठी त्यांना २००३ मध्ये सेना पदक मिळाले. २०१५ मध्ये ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. त्या हुद्द्यावरच्या माणसाने जंगलातल्या शोधमोहिमेत स्वतः पुढे राहिलेच पाहिजे असे नाही. कर्नल महाडिक राहिले. १७ नोव्हेंबरला काश्मीरमधल्या कुपवाड्यात त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले.

त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर लष्करात जायचे ठरवले. पदरी दोन मुले, वयोमर्यादा उलटलेली. वयाची अट शिथिल झाली, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतले खडतर प्रशिक्षण पार पडले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

मुलींना मात्र एनडीएचे दार फार उशिरा उघडले, हे इथे स्पष्ट बोललेले बरे. सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये त्यात लक्ष घालावे लागले. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

मुलामुलींना ही वाट कोणीतरी दाखवायला हवी, म्हणून स्वागत समितीने माजी सैनिकांच्या आजच्या कार्यक्रमात एक बदल केला आहे. जेवणानंतरचा पहिला तास मुलामुलींच्या प्रश्नांचा. माजी सैनिकांनी प्रवेश परीक्षेपासून पायाच्या फोडांपर्यंत सगळे खरे खरे सांगावे. पेन्शनचे गाऱ्हाणे त्यानंतर. त्यालाही भरपूर वेळ ठेवला आहे.