बाहुल्या करणाऱ्या

(स्त्रियांचे श्रम आणि कारागिरी या विषयावरील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बायकांच्या कारागिरीवर बोलायचं म्हटलं की आपल्याला गोधडी आठवते, पैठणी आठवते. मी मात्र आज तुम्हाला पोर्तुगालमधल्या एका गावात नेणार आहे. बाईचं काम ‘धंदा’ कधी ठरतं आणि ‘कला’ कधी ठरतं, हे तिथल्या मातीच्या मूर्तींकडे पाहिलं की लख्ख दिसतं.

नाताळात ख्रिस्ती घरांमधून गोठ्याचा देखावा मांडतात. वसईच्या आणि गोव्याच्या मैत्रिणींना तो नव्याने सांगायला नको. गव्हाणीत बाळ येशू, शेजारी मरिया आणि योसेफ, बैल, गाढव, मेंढपाळ, भेटी घेऊन आलेले तीन राजे. या मूर्ती हाताने घडवणाऱ्या परंपरा युरोपात बऱ्याच आहेत. इटलीत नेपल्सची आहे, दक्षिण फ्रान्समध्ये प्रोव्हान्सची आहे. मी सांगतेय ती पोर्तुगालच्या आलेंतेझू प्रांतातल्या एश्त्रेमोश गावाची. संगमरवराच्या खाणींचं हे गाव. पण इथल्या बायकांनी हात घातला तो मातीत.

सतराव्या शतकापासून इथे मातीच्या रंगीत मूर्ती होत आल्या आहेत. गावात कुंभारही होते. ते पुरुष, चाकावर मडकी घडवणारे, आणि त्यांचं काम रीतसर व्यवसाय म्हणून मानलेलं. मूर्ती मात्र बायका घरी बसून हाताने करायच्या. त्यांना म्हणायचे ‘बोनिकेइराश’, म्हणजे बाहुल्या करणाऱ्या. त्यांच्या कामाला व्यवसायाचा दर्जा नव्हता. माती तीच, भाजणं तेच, विकणंही तेच. पण चाकावर बसला तो कारागीर आणि हाताने घडवते ती बाहुल्या करणारी! आपल्या कुंभारवाड्यात वेगळं काय आहे? माती कुटणं, चाळणं, मळणं, रंगवणं हे कुंभारणीकडे, आणि चाक त्याच्याकडे. तिला विचारा, ‘काय करता?’ ती म्हणेल, ‘काही नाही, ह्यांना हातभार लावते.’

हे काम किती नेमकं आहे ते थोडं सांगते, कारण ‘हाताने करतात’ एवढं म्हणून आपणही पुष्कळदा पुढे जातो. मातीचे तीनच आकार: गोळा, वळी आणि लाटलेली पोळी. सगळी मूर्ती यांतून उभी राहते. आधी नुसतं अंग घडवायचं. चेहरा लहानशा साच्यात दाबून काढायचा. मग त्या उघड्या अंगावर मातीचेच कपडे चढवायचे: पोळीतून कापलेला घागरा, एप्रन, शाल, मेंढपाळाचं मेंढीच्या कातड्याचं जाकीट. एकेक कपडा वेगळा कापून, चुण्या घालून बसवायचा. बाहुलीला नेसवावं तसं, फक्त इथे कापडसुद्धा मातीचं. नंतर कित्येक दिवस वाळवायचं, भाजायचं, रंगवायचं आणि वरून रोगण द्यायचं. एका मूर्तीला कित्येक दिवस जातात. पोळी ओली असली तर चुणी बसते, जास्त सुकली तर तडकते. ती वेळ ओळखणं हेच कौशल्य, आणि ते बोटांनाच कळतं.

आणि त्यांनी घडवलं काय? देवाचं कुटुंब तर घडवलंच. पण गोठ्याकडे निघालेले मेंढपाळ आलेंतेझूचेच, तिथल्याच पेहरावातले. त्यांच्या जोडीला गावातल्या बायका घडवल्या. टर्की हाकणारी, कोंबड्या घेऊन निघालेली, चेस्टनट भाजून विकणारी, धुणं धुणारी, इस्त्री करणारी. मला स्वतःला मरियेपेक्षा याच जास्त आवडतात. ती बिचारी हात जोडून बसलेली असते. या मात्र सगळ्या कामात!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कला जवळजवळ संपली. मग 1930 नंतरच्या दशकात गावातल्या कलाशाळेचे संचालक, शिल्पकार झुझे मारिया द सा लेमोश, यांनी ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. पण शिकवणार कोण? पुस्तकात काहीच नव्हतं. जे उरलं होतं ते साठी ओलांडलेल्या एका बाईच्या हातांत, आना दाश पेलेश यांच्या. हे त्यांचं टोपणनाव. ‘पेलेश’ म्हणजे कातडी. इतिहास त्यांना याच नावाने ओळखतो. 1935 मध्ये त्या पुन्हा मूर्ती करू लागल्या आणि 1945 मध्ये वारल्या. या दहा वर्षांच्या पुलावरून कला पलीकडे गेली. सा लेमोश यांचं श्रेय मी नाकारत नाही, त्यांनी विचारलं हे खरंच मोठं. पण ‘पुनरुज्जीवन’ कोणी केलं हे लिहिताना त्यांचं नाव आधी येतं आणि आनाबाई म्हणजे जणू त्यांना सापडलेली एखादी जुनी वस्तू.

काळही लक्षात घ्या. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. त्या राजवटीला लोककलांचं फार कौतुक. देशाची साधीभोळी प्रतिमा म्हणून त्या मिरवल्या जायच्या. त्याच राजवटीच्या 1933 च्या राज्यघटनेने सर्वांना समान म्हटलं आणि स्त्रीचा निसर्ग व कुटुंबाचं हित यांचा अपवाद करून स्त्रियांना त्यातून वगळलं. 1969 पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय देशाबाहेर जाता येत नव्हतं. म्हणजे बाईने केलेली बाहुली देशाची शान, आणि बाई घरात.

आनाबाईंनंतर कला चालवली ती शाळेतले कुंभारकामाचे शिक्षक मारियानु दा कोंसेइसांव यांनी. आता पुरुषाने हात घातला तेव्हा तो ‘मास्तर’ झाला, हे चाणाक्ष मैत्रिणींच्या लक्षात आलंच असेल. 1959 मध्ये ते वारले आणि काम पुन्हा बायकांकडे आलं. बहीण सबीना सांतुश, पत्नी लिबर्दाद, मुलगी मारिया लुईझा. सबीनांच्या हाताखाली शिकून फ्लोरेस भगिनी पुढे नावारूपाला आल्या. आता मात्र त्या सगळ्यांची नावं माहीत आहेत. तीनशे वर्षांतल्या आधीच्या बायकांची नावं शोधायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही.

डिसेंबर 2017 मध्ये युनेस्कोने एश्त्रेमोशच्या मूर्तिकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जिला एके काळी व्यवसायही म्हणत नव्हते, ती आता साऱ्या जगाचा वारसा! आनंद आहेच. पण ‘वारसा’ म्हटलं की मजुरीचं कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. एका मूर्तीमागचे दिवस किमतीत कसे धरायचे? साच्यातून भराभर काढलेल्या स्वस्त मूर्तीशेजारी हातची मूर्ती ठेवली, तर गिऱ्हाईक कोणती उचलणार? मूर्तीच्या तळावर नाव कोणाचं?

हेच प्रश्न घेऊन आपल्या भागात फिरायला हवं. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या, घरी बसून पणत्या रंगवणाऱ्या, नगावर बाहुल्या शिवणाऱ्या बायका आपल्या ओळखीच्या आहेत. पुढच्या बैठकीला त्यांना घेऊन या. नगाला किती मिळतं, दिवसाला किती नग होतात, रंग-दोरा कोणाचा, बिघडलेल्या नगाचे पैसे कापतात का, हे त्यांच्याच तोंडून उतरवून घेऊ. आणि काम कोणाकडून शिकलात हेही विचारू. आई, सासू, शेजारीण, जी कोणी असेल तिचं नाव वहीत लिहायचं. पूर्ण नाव.